‘दुपार’ आणि बाकीची मिळकत

मी, श्रीमती दुर्गा पंढरीनाथ शिवलकर, वय सदुसष्ट, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार शांती नगर, मीरा रोड पूर्व, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला नीट दिसते, त्याहून नीट ऐकू येते, आणि मी काय करते आहे ते मला समजते. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट दोघांनी, हे असे लिहू नका म्हणून मला समजावले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते आजपासून रद्द समजावे. त्यात ‘दुपार’ या कलाकृतीबद्दल एक शब्द नव्हता, कारण ती काय आहे हे तेव्हा मला माहीत नव्हते.

१. माझी माणसे. माझे पती पंढरीनाथ शिवलकर, चित्रकार, दोन वर्षांपूर्वी वारले. आम्हाला दोन अपत्ये. थोरली मिनल दहाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. धाकटा निकेत तेव्हा चार वर्षांचा होता. आज तो अंधेरीला एका जाहिरात कंपनीत नोकरी करतो आणि माझ्याजवळ राहतो. त्याचे लग्न झालेले नाही. त्याच्यावर मी कधी त्यासाठी जोर केला नाही आणि माझ्यामागे इतर कोणी करू नये.

२. राहता फ्लॅट निकेतला द्यावा. पंढरीनाथांच्या मुंबईतल्या प्रदर्शनाच्या जाडजूड पुस्तकात या फ्लॅटचा फोटो ‘कलावंताचे घर’ म्हणून छापला आहे. घर माझ्या पगारावर कर्ज काढून घेतले होते आणि करारावर माझे एकटीचे नाव आहे. आम्ही आलो तेव्हा शांती नगरात अर्ध्या इमारती नुसत्या खांबांवर उभ्या होत्या आणि पाणी टँकरने येत असे. माझे माहेर आणि सासर दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातले. मुंबईत आम्हाला जागा परवडत नव्हती. पंढरीनाथांना कामासाठी मोकळी जागा हवी होती आणि ती इथे मिळाली. निकेतला हे घर विकून दुसरीकडे जायचे असेल तर त्याने बेलाशक जावे. बाहेरच्या खोलीतल्या भिंतीवर पंढरीनाथांनी कोळशाने काढलेल्या रेघा आहेत, त्या जपण्यासाठी कोणी भिंत कापून नेऊ लागले तर नेऊ देऊ नये. नवा मालक रंग मारेल. मारू दे.

३. बँकेतले आणि पोस्टातले जे काही असेल ते निकेतचे. माझे मंगळसूत्र आणि पाटल्या त्याच्याच. मिनलच्या लहानपणच्या दोन बांगड्या कपाटाच्या आतल्या खणात रुमालात आहेत. त्या सोनाराकडे मोडून टाकाव्यात. आठवण म्हणून ठेवू नयेत. जपून ठेवलेल्या गोष्टींचे पुढे काय होते ते मी पाहिले आहे.

४. गावच्या घरातला पंढरीनाथांचा हिस्सा त्यांचे धाकटे बंधू लवू यांच्याकडेच राहू द्यावा. निकेतने त्यावर हक्क सांगू नये. मिनल आजारी असताना लवूभावोजी एकदाच वॉर्डात आले, आणि माझ्यासमोर म्हणाले, “घरात रंगाचा नि टर्पेंटाइनचा वास. पोरीला आणखी काय होणार?”  त्या रात्री पंढरीनाथांनी घरातले सगळे तेलरंग खाली नेऊन टाकले आणि पुन्हा आयुष्यात हातात घेतले नाहीत. प्रदर्शनाच्या पुस्तकात याला ‘माध्यमाचा त्याग’ म्हटले आहे. चित्रांना किंमत यायला लागल्यावर भावोजींनी आपला वाटा विचारायला फोन केला. त्यांच्या गोठ्याच्या छपराला पावसाळ्यात जे मोठे कॅनव्हास बांधत होते ते पंढरीनाथांचे सुरुवातीच्या काळातले चित्र आहे. ते मी त्यांना या मृत्युपत्राने रीतसर देत आहे.

५. हाटकेशचा औद्योगिक गाळा भाड्याचा होता, तो मी सोडला आहे. त्यातली हत्यारे, वेल्डिंगचा संच, लाकडी चौकटी आणि पत्रे भाईंदरजवळच्या मुर्ध्याचे बाळा म्हात्रे यांना द्यावेत. बाळाभाऊंच्या घरची मिठागरे होती. पंढरीनाथ तिथे जुन्या चादरी खाऱ्या पाण्यात सोडून ठेवत आणि त्यांवर मीठ धरले की उचलून चौकटीवर ताणत. बाळाभाऊ हे सगळे बघत आणि हसत. पण चादर उचलायला दोन माणसे लागतात, आणि दुसरा माणूस नेहमी तेच असत. चादरी माझ्या होत्या. माझ्या लग्नातल्या चादरींपैकी एक आज दिल्लीत काचेमागे आहे.

बाळाभाऊंनाच मी या मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमत आहे. मिनल दवाखान्यात होती तेव्हा निकेतला दिवसभर त्यांच्या आईने सांभाळले. आई आता नाहीत. त्यांचे उपकार मी त्यांच्या हयातीत बोलून दाखवले नाहीत, ते इथे लिहून ठेवते.

६. माझे प्रेत फार वेळ ठेवू नये. निकेतने अग्नी द्यावा. दहावे-बारावे नको, शोकसभा मुळीच नको. पंढरीनाथांच्या शोकसभेत लोक माईकवर ‘दुपार’बद्दल बोलत राहिले आणि मी पुढच्या रांगेत बसून होते.

७. पंढरीनाथांनी आपल्या मृत्युपत्राने सर्व कलाकृती आणि त्यांचे हक्क माझ्या नावे केले. त्यांतली चित्रे, मिठाच्या चादरी, पत्र्याची कामे, छोट्या कॅमेऱ्यावर काढलेल्या फिल्म आणि जुन्या एक्स-रेंवरची कामे निकेतने ठेवावीत, विकावीत, वाटावीत, त्याला माझी कसलीही अट नाही. एक्स-रे कोणाचे आहेत ते त्याला माहीत आहे.

८. ‘दुपार’. हे कलम लांब आहे. वकील म्हणाले, दोन ओळींत बसेल. बसत नाही.

मिनल आजारी पडली तेव्हा मी परगावचे फोन जोडून देणाऱ्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. माझ्या नोकरीमुळे तिचे उपचार होत होते, त्यामुळे ती सोडणे शक्य नव्हते. दिवसा पंढरीनाथ तिच्याजवळ बसत. संध्याकाळी ड्यूटी सुटली की मी डबा घेऊन जाई आणि रात्री तिथेच राही. सकाळी ते आले की मी कामावर. पावसाळा संपला तेव्हापासून होळीपर्यंत हे असे चालले. मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. ही बढाई नाही. पुढे या वाक्याची गरज पडणार आहे. मिनल गेली ती पहाटे, माझ्या मांडीवर. पंढरीनाथ तेव्हा घरी निकेतजवळ होते.

वॉर्डात त्यांच्याजवळ एक कॅसेट रेकॉर्डर असे हे मला ठाऊक होते. त्यांना आवाज जमवायची सवय होती. मिठागरावरचा वारा, गाळ्यातले ग्राइंडर, माझे भांडी घासणे, काहीही. तिला गाणी ऐकवायला आणतात असे मी धरून चालले.

ती गेल्यावर दोनेक वर्षांनी त्यांनी ‘दुपार’ केली. जर्मनीत एका प्रदर्शनात ती मांडली गेली, तेव्हा ते एकटे गेले. ते परत आल्यावर मी विचारले, “काय आहे त्यात?”

म्हणाले, “पंखा आहे. आणि उन्हाचा तुकडा.”

मी पुढे विचारले नाही. मिनलचेच काही असेल हे मी ओळखले होते. आमच्या घरात तिच्याबद्दल बोलायची पद्धत राहिली नव्हती.

दोन हजार सहाच्या डिसेंबरात मुंबईच्या एका मोठ्या कलादालनाने त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरवले. म्हणजे पहिल्या चित्रापासून आजपर्यंतचे सगळे एका जागी. कुलदीप साळवी नावाचे गृहस्थ त्याची मांडणी करत होते. त्याआधी बरेच महिने ते घरी येत, पलंगाखालून, माळ्यावरून वस्तू काढत, फोटो घेत. हुशार माणूस आणि वागायला नम्र. पंढरीनाथ सत्तर वर्षांचे झाले होते, गुडघा कामातून गेला होता. इतकी वर्षे त्यांच्या कामाला लोक हसले होते. कुलदीप आले की ते नवा सदरा घालून बसत. त्यांचा तो आनंद मी पाहिला आहे आणि तो मी त्यांच्याकडून हिरावून घेत नाही.

आमच्या मजल्यावरच्या भाभी वर्तमानपत्र घेऊन आल्या. “आंटी, अंकल इतने बड़े आदमी हैं, हमको तो पता ही नहीं था.” मी म्हटले, “हमको भी नहीं था.”

उद्घाटनाच्या दिवशी बाळाभाऊ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. भाषणे झाली. कुलदीपनी मला व्यासपीठावर बोलावले, शाल दिली आणि माईकवर म्हणाले, “दुर्गाताई खंबीरपणे मागे उभ्या राहिल्या, म्हणून हे सगळं उभं राहिलं.” टाळ्या झाल्या. मग लोक चहाला गेले आणि मी बाळाभाऊंबरोबर बघायला निघाले.

पहिल्या दालनांत मला मजाच वाटली. माझी चादर, माझ्या घरचा फुटका माठ, मोरीचा पत्रा. बाळाभाऊ प्रत्येक चादरीसमोर उभे राहून कुठल्या आगरातली ते सांगत होते. शेवटी काळा पडदा लावलेली एक खोली होती. बाहेर पाटी, ‘दुपार’, साल, आणि पंढरीनाथांचे नाव. पडदा सारून मी आत गेले.

आत अंधार होता. छताला एक पंखा हळूहळू फिरत होता. भिंतीवर उन्हाचा एक चौकोन होता आणि तो सरकत होता. ती वॉर्डातली खिडकी होती. मी ती ओळखली नाही, कारण मी दुपारची कधी वॉर्डात नव्हते. जमिनीवर सतरंजी होती. कॉलेजातल्या दोन मुली तिच्यावर उताण्या पडल्या होत्या.

मग मिनल बोलली.

“बाबा, आई कधी येणार?”

“येईल.”

“पण कधी?”

“ऊन त्या कपाटापाशी गेलं की.”

“आता कुठंय ऊन?”

“टेबलापाशी.”

मग नुसता पंखा. पंख्याची एक पाती कुरकुरत होती. मग तिने पुन्हा विचारले, “आता?” ते म्हणाले, “अजून टेबलापाशीच.” तिला खोकला आला. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. “आता?” “आता सरकलं थोडं.” भिंतीवर कपाटाची सावली दिसत होती. ऊन तिच्याकडे सरकत होते. ते कपाटापर्यंत पोचायच्या आत खोली एकदम काळी झाली, चौकोन पुन्हा खिडकीखाली आला, आणि मिनलने पहिल्यापासून विचारले, “बाबा, आई कधी येणार?”

वीस वर्षे मी तो आवाज ऐकला नव्हता. ती दिवसभर मला विचारत होती हेही मला कोणी सांगितले नव्हते. संध्याकाळी मी गेले की ती हसून डब्यात काय आहे ते विचारी.

त्या दोन मुलींपैकी एक डोळे पुसत होती. ती दुसरीला हळूच म्हणाली, “आली असेल का गं शेवटी?”

दुसरी म्हणाली, “नसेल. म्हणून तर.”

पडदा हलला. बाळाभाऊ आत आले होते. ते माझ्या शेजारी सतरंजीवर बसले आणि थोडा वेळ ऐकत राहिले.

“वैनी, आपल्या मिनूचा आवाज हाय हा.”

“हो.”

“मंग चला भायेर. हितं नका बसू.”

“थांबा जरा. ती बोलतेय.”

किती वेळ बसले ते माहीत नाही. तिने जितक्या वेळा विचारले तितक्या वेळा मी ऐकले. शेवटी बाळाभाऊंनी मला दंडाला धरून उठवले. बाहेर पंढरीनाथांभोवती गर्दी होती आणि त्यांच्या गळ्यात हार होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर खाली केली. त्यांना कळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी विचारले, “ती कॅसेट तिथेच संपते का?”

“नाही. पुढे आहे.”

“मी आल्यावरही चालू होती?”

“होती. तू आलीस, डबा ठेवलास, ती ‘आली, आली’ म्हणाली. मग तू तिला पेज भरवलीस. ती काहीतरी चिडवत होती तुला, तू हसलीस.”

“मग ते का नाही घातलं?”

त्यांनी कप बशीत फिरवला. म्हणाले, “तू आलीस की काम संपतं, दुर्गा.”

“मी आलेच नाही असं लोक म्हणतात.”

“लोकांच्या डोक्यात तू नसतेस. ते आपापली वाट बघत असतात तिथे.”

“ती तिथे कायम विचारत राहणार. आणि मी कधीच जाणार नाही.”

“हो,” ते म्हणाले. “तेच काम आहे.”

त्यांनी हे क्रूरपणे म्हटले नाही. अगदी समजावून, जसे एखाद्या विद्यार्थ्याला सांगावे तसे म्हटले. ते खोटेही नव्हते. एवढी वर्षे त्यांचे काम पाहून मलाही काही कळते. मी आले असते तर तिथे पडून रडायला कोणी थांबले नसते. कोणाच्याही आईसारखी मी आले असते, मुलगी जेवली असती, लोक उठून चहाला गेले असते.

“ती कॅसेट कुठाय?” मी विचारले.

“गाळ्यात. खालच्या फळीवर.”

मग आम्हा दोघांनाही पूर आठवला. आदल्या वर्षीच्या जुलैत हाटकेशला गाळ्यांतून छातीभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी वरच्या फळ्यांवरची चित्रे आधी उचलून आणली होती. ‘दुपार’ची तयार टेप जर्मनीहून परत आल्यापासून घरी कपाटात होती, म्हणून वाचली. खालच्या फळीला त्यांनी नंतर हात लावला नव्हता.

निकेत, बाळाभाऊ आणि मी गाळ्यावर गेलो. पंढरीनाथ दारात खुर्ची टाकून बसले. खालच्या फळीवरचे खोके उचलले तसा त्याचा तळ खाली राहिला. कॅसेटी चिखलाने एकमेकींना चिकटल्या होत्या. एकीवर त्यांच्या अक्षरात ‘मि. संध्या.’ एवढे वाचता येत होते. निकेत ती मुंबईत एका जाणकाराकडे घेऊन गेला. त्याने ती उलगडली, धुतली, वाळवली, जे काय करतात ते केले. ऐकायला मीही मुद्दाम गेले होते. त्याने हेडफोन माझ्या कानाला लावले. नोकरीची सगळी वर्षे मी कुठल्या कुठल्या गावांच्या खराब लाइनी ऐकल्या होत्या. समोरचे माणूस काय म्हणते ते खरखरीतून काढायचे हेच माझे काम होते. या लाइनीवर कोणी नव्हते. मी पुन्हा लावायला सांगितली, आणि पुन्हा. मग निकेतने माझ्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतले.

प्रदर्शन संपेपर्यंत वर्तमानपत्रांत ‘दुपार’चीच वाखाणणी होत होती. कुलदीपना मी फोन करून सांगितले, ती खोली बंद करा. ते म्हणाले, “ताई, मालक पंढरीनाथ आहेत. ते सांगतील तसं.” पंढरीनाथ नाही म्हणाले. त्यानंतर आमच्यात भांडण झाले नाही. मी त्यांना वेळेवर जेवण दिले, गुडघ्याला तेल लावले, गोळ्या दिल्या. बोलायचे म्हणून जे असते ते मात्र उरले नाही.

निकेत दर रविवारी त्या खोलीत जाऊन बसत होता. मला ते उशिरा कळले. मी विचारले, “तुला ते सहन कसं होतं?”

तो म्हणाला, “आई, मला ताई आठवतच नव्हती. तुमच्या दोघांच्या तोंडून तिचं नाव निघायचं नाही. फोटोतली मुलगी कोणीही असू शकते. आता मला तिचा आवाज आहे.” मग म्हणाला, “तुझं दुःख मला कळतं. पण ते जाळू नकोस.”

मी जाळायचा विचार केला आहे हे त्याला कसे कळले, माहीत नाही.

पंढरीनाथ पुढच्या वर्षी गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांना धाप लागत होती. एका सकाळी मी त्यांचे अंग पुसत असताना म्हणाले, “चूक झाली असं म्हणू का?”

मी म्हटले, “म्हणू नका. तुम्हाला तसं वाटत नाही.”

ते म्हणाले, “नाही वाटत.” आणि माझा हात धरून ठेवला. मी तो सोडवून घेतला नाही. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल काय वाटले ते मला अजून सांगता येत नाही, आणि ते इथे लिहिणे बंधनकारक नाही.

आता एका मोठ्या संग्रहालयाला ‘दुपार’ कायमची हवी आहे. कुलदीप निरोप घेऊन आले. ते म्हणाले, स्वतंत्र खोली देतील, टेप खराब होणार नाही अशी व्यवस्था करतील, कोणी ना कोणी रोज ऐकेल. मी म्हटले, दारावर एक पाटी लावा, मग देते. पाटीवर काय ते त्यांना सांगितले. 

“ताई, रागावू नका. पण त्यानं काम मरतं. लोक आधी वाचणार, मग ऐकणार. वाट बघणं उरणारच नाही.”

“नाही उरलं तर नाही.”

“पंढरीनाथांना हे चाललं नसतं.”

“नसतंच चाललं,” मी म्हटले. “ते गेले.”

नंतर निकेतनेही मला समजावून पाहिले, पाटीची अट घालू नकोस म्हणून. मी सुरुवातीला लिहिले ते समजावणारे दोघे म्हणजे हेच. निकेतवर माझा राग नाही. त्याला ती जशी मिळाली तशी हवी आहे.

म्हणून मी असे ठरवत आहे. ‘दुपार’ ही कलाकृती, तिची टेप, तिच्या सर्व प्रती आणि तिचे सर्व हक्क मी निकेतला देत आहे. घरी त्याने ती पाहिजे तेव्हा, पाहिजे तितकी ऐकावी, त्याला अट नाही. चार परक्या माणसांसमोर ती लावायची असेल, मग ते संग्रहालय असो, कलादालन असो की कोणाचा दिवाणखाना, तर खोलीच्या दाराशी, आत जाणाऱ्याला वाचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशा जागी, उजेडात, मराठीत आणि तिथल्या भाषेत, पंढरीनाथांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत पुढील मजकूर लावावा. त्यातला शब्द बदलू नये, वाढवू नये.

“ही मिनल पंढरीनाथ शिवलकर. तिची आई रोज संध्याकाळी येत होती.”

हे मान्य नसेल त्याला ती मिळू नये.

या पाटीने काही होणार नाही हे मला माहीत आहे. लोक ती वाचतील आणि आत जाऊन विसरतील. पंढरीनाथ त्या कामात जिथे थांबले तिथून ते पुढे जाणार नाही, आणि मिनलला पाटी वाचता येणार नाही. निकेतच्या मागे कोणीतरी ती काढून टाकेल. तोपर्यंत असावी.

वर लिहिलेले सर्व मी वाचून पाहिले, दोन ठिकाणी खाडाखोड केली आहे, तिथे माझी सही आहे. यापलीकडे माझ्याजवळ देण्यासारखे काही नाही.

ठिकाण: मीरा रोड
दिनांक: १२ मार्च २००९

सही
दुर्गा पंढरीनाथ शिवलकर

श्रीमती दुर्गा शिवलकर यांनी हे लिखाण आम्हाला स्वतः मोठ्याने वाचून दाखवले. ‘दुपार’च्या कलमाशी त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि पुढचे वाचले. त्यांनी आमच्या दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर केली. यातले काहीही आम्हाला मिळणार नाही.

साक्षीदार १: हरिश्चंद्र गणपत कदम, निवृत्त शिक्षक, शांती नगर, मीरा रोड पूर्व

साक्षीदार २: नाथा जनार्दन पाटील, मुर्धा, भाईंदर पश्चिम